फोन उचलला नाही तर

'आत कोणी आहे का?' हे पान तिने माऊसने धरलं, चौथ्या जागेवरून वर ओढलं आणि पहिल्या जागी नेऊन सोडलं. 'इमारत', 'करार' आणि 'बिघाड' ही पानं आपसूक एकेक जागा खाली सरकली.

"आता बघ," ती म्हणाली.

मोठ्या बाई तिच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, वाकून स्क्रीन वाचली आणि मान हलवली. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नसे.

लिफ्टदुरुस्तीच्या त्या कंपनीत आई म्हणजे मोठ्या बाई आणि लेक म्हणजे छोट्या बाई. लेकीचे कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते, जवळचं वाचायला तिलाही चष्मा लागत होता, पण नाव काही मोठं होत नव्हतं. ऑफिसात तीही आईला बाईच म्हणे. 'तू' मात्र सुटलं नव्हतं, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं.

डिरेक्टरीचं नवं सॉफ्टवेअर तिनेच निवडलं होतं. कुठली लिफ्ट कुठल्या इमारतीत, कुठला मेकॅनिक कुठल्या भागात, कोणाचा नंबर काय, हे सगळं आजवर भिंतीवरच्या फळ्यावर आणि मोठ्या बाईंच्या डोक्यात होतं. फळा पुसट होत चालला होता. डोक्याबद्दल बोलायची कोणाची छाती नव्हती.

सॉफ्टवेअरबरोबर पानांचा एक तयार क्रम आला होता: आधी इमारत, मग करार चालू आहे की संपला, मग बिघाड, आणि सगळ्यात शेवटी आत कोणी आहे का. हा क्रम लावणारा आयुष्यात कधी लिफ्टमध्ये अडकलेला नसावा. काल मोठ्या बाईंनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, की माणूस आत घामाघूम होऊन उभा असताना आपण त्याच्याशी कराराच्या गप्पा मारणार का. लेकीने वाद घातला नाही. समोरच्याचं बरोबर असेल तर ती उगाच ताणत बसत नसे, आणि स्वतःचं बरोबर असेल तर तसूभरही हलत नसे. मेनूतल्या निम्म्या ओळी तिने उडवल्या होत्या. 'इमारती', 'माणसं' आणि 'सुटे भाग' एवढंच ठेवलं होतं. बाहेर फोनवर बसणाऱ्या ऑपरेटर काकांनी ते एकदा वापरून पाहिलं आणि मला जमलं म्हणजे आता कोणालाही जमेल, असा निकाल दिला.

पण तिचं लाडकं पान निराळंच होतं. प्रत्येक माणसाने स्वतःची नोंद स्वतः भरायची होती. नाव, भाग, नंबर, आणि शेवटी तिने स्वतः घडवलेलं एक पान: 'तुम्ही फोन उचलला नाही तर कोणाला लावायचा?' मेकॅनिकने फोन उचलला नाही, तर सॉफ्टवेअर आपोआप त्याने दिलेल्या माणसाला फोन लावणार, त्यानेही नाही उचलला तर त्याच्या पुढच्याला. उत्तर दिल्याशिवाय 'पुढे' हे बटण दाबताच येत नव्हतं. मेकॅनिक मंडळींना ती चांगली ओळखून होती. सूट दिली असती तर एकानेही ते पान भरलं नसतं.

सकाळपासून एकेक जण येऊन भरून गेला होता. एकाला बायकोचं नाव द्यायचं होतं, कारण माझा फोन ती माझ्याआधी उचलते, असं त्याचं म्हणणं. सगळे हसले, तोही हसला, आणि मुकाट्याने सुपरवायझरचं नाव देऊन गेला. सुपरवायझरांनी छोट्या बाईंचं नाव दिलं. छोट्या बाईंनी मोठ्या बाईंचं.

"आता तू बस," लेक खुर्चीवरून उठत म्हणाली.

मोठ्या बाई बसल्या. एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत त्यांनी नाव भरलं, नंबर भरला. शेवटच्या पानावर आल्या आणि थांबल्या. मग काहीतरी टाइप केलं. स्क्रीनवर लाल ओळ उमटली.

"हे काय म्हणतंय?"

"तू तुझंच नाव टाकलंस. ते चालत नाही."

"मग कोणाचं टाकू? मी उचलतेच की."

लेकीने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. एवढं बारकाईने सगळं केलं आणि हे कसं सुटलं? पण सुटायला कारणही तसंच होतं. आईने फोन उचलला नाही, असं कधी झालेलंच नव्हतं. कंपनीचा तो फोन न्हाणीघरात साबणाशेजारी असे, लग्नाकार्यात मुठीत असे. वडील गेले त्या दिवशीही तो वाजला होता, आणि माणसं दारात जमलेली असताना आईने आत जाऊन एका मेकॅनिकला कुठे जायचं ते सांगितलं होतं. त्या गोष्टीचा लेकीला राग होता आणि अभिमानही, आणि यातलं जास्त काय होतं, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

या कंपनीत लेकीने सगळं केलं होतं. करार, भरती, तक्रारी, आता हे सॉफ्टवेअर. फक्त तो फोन तिच्या हाती कधी आला नाही. एकदा आई तापाने फणफणली होती, तेव्हा तिने एका दिवसापुरता मागून पाहिला. तुझी झोप गाढ आहे, असं म्हणून आईने तो उशाखाली सरकवला. विषय संपला. म्हणूनच, एका मोठ्या लिफ्ट कंपनीने तिला देखभाल विभागाचं प्रमुखपद देऊ केलं तेव्हा तिने नाही म्हटलं नव्हतं. आज दुपारी ते उत्तरासाठी फोन करणार होते. आईला यातलं तिने काही कळू दिलं नव्हतं. डिरेक्टरीचं काम तेवढं चोख करून जायचं, मागे कोणी बोट ठेवायला नको, असं तिने ठरवलं होतं.

"ते पान तुझ्यापुरतं काढून टाकते," ती म्हणाली. "एका माणसाला माफी देता येते. एक टिक केली की झालं."

ती माऊसकडे हात नेणार, तोच मोठ्या बाईंनी तो आपल्या तळव्याखाली धरला.

"एकालाच?"

"एकालाच. कुठेतरी शेवट हवा ना."

मोठ्या बाईंनी तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. पलीकडच्या वर्कशॉपमध्ये कोणीतरी मोटर चालू करून बंद करत होतं. मग त्यांनी नावांची यादी उघडली, सावकाश खाली आणली, आणि लेकीच्या नावावर माऊसचं बटण दाबलं. पुन्हा लाल ओळ आली.

"आता काय झालं?"

"मी माझ्या पानावर तुझं नाव दिलंय. तूही माझं दिलंस तर फोन आपल्या दोघींतच फिरत बसेल."

"मग तुझ्या पानावरचं काढ. माफी तू घे."

इतक्या सहज बोलल्या, जणू खिडकी लावून घे म्हणत होत्या. म्हणजे शेवटचा फोन लेकीचा. हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती, आणि ऐकायला मिळालं ते आज.

"आई," ती म्हणाली. ऑफिसात हा शब्द तिच्या तोंडून कधी निघत नसे. "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"त्या मोठ्या कंपनीवाल्यांचा मला फोन आला होता. मागच्या आठवड्यात. तू कशी आहेस ते विचारायला."

"काय सांगितलंस?"

"कामाला चोख आहे म्हटलं. खोटं कशाला सांगू?" मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "झोपेचं काही विचारलं नाही त्यांनी."

लेकीला हसू आलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. तिने तोंड फिरवलं नाही.

"म्हणून हे करतेय असं समजू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या. "जायचं ठरवलं असशील तर सांग, मी दुसरं नाव शोधते. पण पहिलं हेच."

आईच्या खांद्यावरून वाकून लेकीने आपली नोंद उघडली, तिथलं आईचं नाव पुसलं, माफीच्या चौकोनात टिक केली आणि आईची नोंद पुन्हा समोर आणली. मोठ्या बाईंनी तिचं नाव पुन्हा निवडलं. या वेळी 'पुढे' हे बटण उजळलं, आणि ते त्यांनी दाबलं.

"आधी चालतंय का ते बघू," लेक म्हणाली. तिने दार उघडून ऑपरेटर काकांना हाक मारली आणि नव्या डिरेक्टरीतून मोठ्या बाईंना फोन लावायला सांगितलं.

टेबलावरचा फोन वाजला. मोठ्या बाईंचा हात सवयीने पुढे गेला, फोनच्या वर येऊन थांबला, आणि मागे फिरला. त्यांनी तो हात मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात ठेवला. फोन वाजत राहिला. वर्कशॉपमधली मोटर थांबली. दोघे-तिघे दारापर्यंत येऊन बघायला लागले, कारण तो फोन इतका वेळ वाजताना कोणी ऐकलाच नव्हता. सुरुवातीच्या टणटणीनंतर त्यात चक्क बासरी होती.

"पुढे असं वाजतं होय हे?" मोठ्या बाई म्हणाल्या.

बासरी संपली. खोलीत एकदम शांत झालं. मोठ्या बाईंनी मान वर करून लेकीकडे पाहिलं, आणि तेवढ्यात लेकीच्या पर्समधला फोन वाजायला लागला.

"तुझा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "बघ कोणाचा आहे. त्यांचाही असेल."

लेकीने पर्समधून फोन काढला आणि नंबर न बघताच कानाला लावला.

"बोला," ती म्हणाली. "आत कोणी आहे का?"