कपाटावरची कवळी

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. लगेच नाकं मुरडू नका. दुधाचे दात पडले तेव्हा तुम्हीही बोळकं घेऊन हिंडला होतात. तुम्हाला पुन्हा दात आले. माझ्या आजींना मी आले, एवढाच काय तो फरक.

डॉक्टरांनी आजींच्या हिरड्यांचा ठसा घेतला, कारागिराने मेणात एकेक दात रोवला आणि घासून घासून मला गुळगुळीत केलं. सुरुवातीला आम्ही एकमेकींना टोचत होतो. मग जमलं. आजी शिवणकाम करायच्या. कवळीने दोरा तोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजी "हो हो" म्हणाल्या आणि घरी येताच पहिला दोरा माझ्याच पुढच्या दातांनी तोडला. मला कोण अभिमान वाटला! गिऱ्हाइकं म्हणायची, "आजी, दात अगदी खऱ्यासारखे हो!" आजी म्हणायच्या, "खऱ्यांपेक्षा गुणी आहेत. दुखत नाहीत." निजताना त्या मला पाण्याच्या वाटीत ठेवायच्या. पाणी नसलं की आम्ही कवळ्या सुकतो, वाकड्या होतो.

पुढे आजींचा मुलगा घरी राहायला आला. नोकरी सुटली होती. काम गेलं की माणूस कातावतो, हे मलाही कळतं. पण म्हणून आईचा दंड पिरगाळायचा? शेजारच्या काकूंनी तो काळानिळा दंड पाहिला आणि आजींनी त्यांना खरं काय ते सांगितलं. हे मुलाच्या कानावर गेलं.

"फार तोंड चालतं ना तुझं? आता चालव!" असं म्हणून त्याने मला वाटीतून उचललं, पत्र्याच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि डबा कपाटावर ठेवून दिला. आजींचा हात तिथे पोचत नव्हता.

डबा गंजका होता. त्याच्या भोकातून मला खोली दिसायची. आजी घास पाण्यात भिजवून गिळायच्या. बोलायला गेल्या की शब्दांचा नुसता लगदा व्हायचा. दारात कोणी आलं की त्या जीव तोडून सांगू पाहायच्या, आणि हा पठ्ठ्या शेजारी उभा राहून हसत अर्थ सांगायचा, "ती म्हणते, मी मजेत आहे."

मजेत! दातओठ खावेत, तर माझ्याकडे दात होते, ओठ नव्हते. आणि ती पाहुणेमंडळी! चांगली शहाणीसुरती माणसं, पण आईची खुशाली मुलाच्या तोंडून ऐकायची आणि समाधानाने चपला घालायची. मला त्याच्याइतकाच त्यांचाही राग आला.

काकू मात्र हलल्या नाहीत.

"काय रे, यांची कवळी कुठंय?"

"हरवली, काकू. म्हातारपण, दुसरं काय."

"मग नवी करून आण की."

"कशाला? कोणाशी बोलायचंय तिला आता?"

काकूंनी वाद घातला नाही. घरी जाऊन त्यांनी ज्येष्ठांना मदत करणाऱ्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथून एक समाजसेविका आल्या. मुलगा आजींना अगदी चिकटून बसला.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," बाई म्हणाल्या.

"अहो, तिचं बोलणं तुम्हाला कळायचं नाही. मी सांगतो ना!"

"मान हलवता येते ना त्यांना? मला तेवढं पुरतं. उठा."

दार लागलं. बाई आजींसमोर जमिनीवर बसल्या. "आजी, तुम्हाला इथे कोणी त्रास देतं का?"

आजींनी पदराचं टोक चुरगाळलं. मग त्यांनी होकाराची मान हलवली, आणि बोट कपाटाकडे केलं.

बाईंनी डबा खाली काढला. मी पार वाळले होते. आजींनी मला धुऊन तोंडात घातलं. मी टोचले, त्या कळवळल्या, पण त्यांनी मला काढलं नाही. पहिलं वाक्य आलं, "तो माझा मुलगा आहे हो."

"माहीत आहे. त्याच्याशी मी बोलेन. तुम्हाला काय हवंय?"

हे आजींना कितीतरी दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. एकेक शब्द जपून ठेवावा तशा त्या बोलल्या, "घर माझं आहे. मी कुठे जाणार नाही. त्याने जावं."

तो सुखासुखी गेला नाही. तक्रार नोंदवावी लागली, पोलिसांना यावं लागलं, आणि तोवर आजी काकूंकडे निजायला होत्या. पण गेला. मी मात्र वाकले ती वाकलेच. आजींनी नवी कवळी करून घेतली.

मित्रांनो, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. कवळ्या नव्या मिळतात. एवढंच करा: एखाद्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही "कसे आहात?" विचारलंत आणि उत्तर भलत्याच तोंडातून आलं, तर चपला घालू नका. पुन्हा विचारा. त्यांनाच विचारा. आणि त्रास आहे म्हणून त्यांनी नुसती मान हलवली, तरी ती बघून घरी जाऊ नका. मदत बोलवा.