भीती मोजणाऱ्या पट्टीची कोरी बाजू

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. मित्रांनो, पट्टी म्हटल्यावर तुम्हाला लगेच कंपासपेटी आठवली असेल, पण तिथल्या पट्ट्यांशी माझं काही नातं नाही. त्या लांबी मोजतात. मी भीती मोजते, आणि तीही दातांच्या डॉक्टरकडे येणाऱ्या मोठ्या माणसांची. हसू नका. घरातल्या मोठ्यांना विचारून पाहा, की दात दाखवायला शेवटचे कधी गेला होतात? ते विषय बदलतील.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. दाराच्या चौकटीतून उरलेला वीतभर तुकडा त्याने रंधून गुळगुळीत केला, मधोमध आरपार खाच पाडली आणि खाचेत एक पितळी गुंडी बसवली. गुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकते आणि दोन्ही बाजूंनी दिसते. एका बाजूला त्याने शून्य ते दहा आकडे कोरून त्यांत लाल रंग भरला. दुसरी बाजू कोरीच ठेवली. त्याची लेक दातांची डॉक्टर होती, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. किती माणसं निव्वळ भीतीपोटी दात किडू देतात, हे आधी मोजायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. ज्याला फार भीती वाटते त्याला पहिल्या दिवशी हत्यार दाखवायचंच नाही, नुसत्या गप्पा मारायच्या, असंही तिने ठरवलं होतं.

सुताराने मला तिच्या हातात दिलं तेव्हा त्याचाच डावा गाल जरा फुगलेला होता.

"बाबा, बघू तरी द्या एकदा," ती म्हणाली.

"माझं काय बघतेस? ज्यांची भीती मोजायची आहे त्यांची मोज," असं म्हणून तो चालता झाला.

गेली सहा वर्षं तो फक्त उजव्या बाजूने जेवत होता. लेक दातांची डॉक्टर, आणि बाप तिच्यासमोर तोंड उघडायला तयार नाही. तिला ही गोष्ट फार लागायची.

माझी नेमणूक बाहेरच्या काउंटरवर झाली. तिथे बसणाऱ्या मावशी आलेल्या प्रत्येकापुढे मला धरायच्या, अर्थातच आकड्यांची बाजू वर करून. एवढे सुबक आकडे कोण लपवून ठेवील? लोक आकड्यांकडे बघत, मग आजूबाजूला बसलेल्यांकडे बघत, आणि गुंडी शून्यावर नाहीतर एकावर ठेवत. दोनच्या पुढे कोणी जाईना. मला वाटलं, वा, काय शूर माणसं आहेत इथली. मीही हुरळून गेले.

मग एके दिवशी मालट्रक चालवणारा एक धिप्पाड ड्रायव्हर आला. त्याने गुंडी ऐटीत एकावर ठेवली. डॉक्टरने माझ्यावर विश्वास ठेवून त्याला थेट खुर्चीत बसवलं आणि यंत्र सुरू केलं. यंत्राचा आवाज होताच गडी उठला तो गळ्यातल्या फडक्यासकट रस्त्यावर. दोन दिवसांनी त्याची बायको ते फडकं धुऊन, इस्त्री करून परत देऊन गेली. असं आणखी तीन-चार वेळा झालं. "ही पट्टी काही कामाची नाही," डॉक्टर म्हणाली. माझी रवानगी खणात झाली. सुकलेली पेनं आणि रबरी शिक्के यांच्या संगतीत मी पाच महिने काढले. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मी खोटं बोलले नव्हते, पण खोटेपणाचा ठपका मात्र माझ्यावर आला होता.

एका सकाळी मावशींनी खण आवरायला काढला आणि मला काउंटरवर ठेवलं, कोरी बाजू वर करून. समोर एक निवृत्त मास्तर बसले होते. चष्मा घरी विसरले होते. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी मला उचललं.

"हे काय आहे हो?"

"भीतीची पट्टी. या टोकाला अजिबात भीती नाही, त्या टोकाला फार," मावशींनी हात न थांबवता सांगितलं.

मास्तरांनी गुंडी सरकवली. अर्ध्यावर थांबले, पुन्हा सरकवली. मावशींनी मला उलटलं. नऊ.

"आकडे दिसले असते तर दोन म्हणालो असतो," मास्तर ओशाळून म्हणाले. "इतकी वर्षं मुलांना मार्क दिले. स्वतःला नऊ कसे देणार?"

डॉक्टर दारातच उभी होती. तिने मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. चूक लाकडात नव्हती, कोणती बाजू कोणाकडे धरायची यात होती. त्या दिवसापासून कोरी बाजू माणसाकडे आणि आकडे डॉक्टरकडे. चाळीस जणांत अकरा जण सातच्या वर निघाले. ड्रायव्हरही परत आला, आठावर. पहिल्या दिवशी नुसत्या गप्पा झाल्या, तिसऱ्या खेपेला दात भरून झाला. जाताना मावशींना म्हणाला, "या वेळी फडकं इथंच ठेवून जातो."

एक माणूस मात्र अजून राहिला होता. सुताराची सूज आता डोळ्यापर्यंत चढली होती आणि अंगात कणकण होती. कपाटाची बिजागरी निसटली आहे, असं सांगून लेकीने त्याला बोलावून घेतलं. बिजागरी बसवून झाल्यावर तिने मला त्याच्यापुढे धरलं, कोरी बाजू वर करून.

आता खरी गंमत ऐका. माझी कोरी बाजू सगळ्यांसाठी कोरी, पण त्याच्यासाठी नाही. मागचा प्रत्येक आकडा त्याने स्वतः पटाशीने कोरलेला. डोळे मिटूनही कुठे दोन आणि कुठे नऊ, हे त्याच्या बोटांना ठाऊक. त्याला लपायला आडोसाच नव्हता.

त्याने गुंडीवर अंगठा ठेवला आणि तिला पार टोकाला नेलं. तिथेही तो दाबतच राहिला.

"दहा," तो म्हणाला. "लहानपणी चौघांनी धरून माझा दात काढला होता, पोरी. आणखी पुढे खाच हवी होती."

"कोणी धरणार नाही, बाबा. तुम्ही हात वर केला की मी थांबणार. लाकडाला भोक पाडण्याआधी तुम्ही काय करता?"

"आधी खूण करतो. मग हळूच टोचून बघतो."

"मीही तसंच करणार."

त्या दिवशी तिने औषध दिलं आणि तो नुसता खुर्चीत बसून गेला. सूज उतरल्यावर तिने आरसा धरून पाहिलं. मग हळूहळू, पाच वेळा हात वर करत, त्याच्या दाढेच्या मुळांवरचा उपचार पूर्ण झाला. गुंडी दहावरून सातावर आली, मग पाचावर. शेवटच्या दिवशी तो तीनवर थांबला. शून्यावर नेली असती तर मला खरं वाटलं नसतं. मग त्याने खिशातून सफरचंद काढलं आणि डाव्या बाजूने असा कडकडून घास घेतला की मावशींनी काउंटरवरून मान वर केली. लेक रडली, आणि तो खाण्यात गुंग असल्याचं दाखवत राहिला.

त्यानंतर त्याने माझ्यासारख्या बारा पट्ट्या घडवल्या. त्या आता दूरदूरच्या दवाखान्यांत काम करतात. मी मात्र इथेच, डॉक्टरच्या टेबलाशी खिळ्याला लटकते. दहाच्या टोकाला माझी खाच झिजली आहे. सुतार म्हणाला, "भरून देतो." लेक म्हणाली, "राहू दे बाबा. तिथूनच माणसं शून्याकडे परतायला लागतात."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी एकाच बाजूने चावत असेल, तर त्याला हसू नका आणि आकडाही विचारू नका. माझ्यासारखी एखादी पट्टी त्याच्यापुढे धरा, कोरी बाजू वर करून, आणि त्याचा हात थांबेपर्यंत गप्प बसा. आणि काम झाल्यावर तिला खणात टाकू नका.