लेबलाबाहेरची दोन अक्षरे

व्हर्नल कॉली यांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि सहीची जागा कोरी ठेवून तो टेबलावर सरकवला.

"काय झालं, मास्तर? एकाच वाक्याचं तर निवेदन आहे," अल्थिया लिंडो म्हणाली. ती अँब्रोज टेटचे चरित्र लिहीत होती. किंग्स्टनमध्ये ज्याच्या नावाचा रस्ता आहे, त्या गायकाचे हे पहिलेच मोठे चरित्र सोमवारी छपाईला जाणार होते. "'फाटक उघडं ठेव' हे गाणं टेट यांनी गायलं आणि ध्वनिमुद्रण करून मूळ तबकडी तुम्ही कापलीत. त्या खोलीतले तुम्हीच तर उरलात."

"युटन आहे की."

"युटन प्राइस? कोऱ्या?" ती हसली. "भेटले त्याला. म्हणाला, गाणं माझंच. वर म्हणतो, रम पाजलीस तर टेटची आणखी दोन गाणी माझ्या नावावर करून घेतो."

कॉली हसले नाहीत. ते टोपणनाव कशावरून पडले, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नव्हते. त्या काळी अंगणात कपाटाएवढे कर्णे लावून नाच भरवणारे मालक नव्या तबकडीवरचे लेबल खरवडून टाकत, म्हणजे गायक कोण हे शेजारच्या वस्तीतल्या प्रतिस्पर्ध्याला कळू नये. कॉलींचे मालक टलक यांनीही तेच करायला लावले. कॉलींनी स्वतःच्या हाताने लिहिलेले लेबल स्वतःच्याच चाकूने खरवडले. पुढे 'त्या लेबलावर माझं नाव होतं' असे युटन सांगत सुटला आणि त्यांच्या रोलिंगटन टाउन वस्तीने त्याला 'कोऱ्या' करून टाकले. पंचेचाळीस वर्षे डॉमिनोच्या टेबलावर ती थट्टा चालली होती आणि कॉलीही त्या टेबलावर बसत होते.

"तबकडी आणली आहेस?"

तिने पिशवीतून दुकानात विकली गेलेली प्रत काढली. कॉलींनी ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि खणातले भिंग तिच्या हाती दिले.

"लेबल सोड. गाण्याची खाच संपते आणि लेबल सुरू होतं, त्यांच्यामधलं गुळगुळीत कडं बघ."

"ई. पी.," तिने वाचले. "ही कारखान्याची खूण आहे ना? मी टिपेत तसंच दिलंय."

"कारखान्याचे आकडे ठशाने उमटतात, एका मापाचे. ही अक्षरं मूळ तबकडीवर पोलादी सुईने कोरलेली आहेत. तिच्यावरून साचे निघाले. तेव्हा जगात जेवढ्या प्रती आहेत, तेवढ्यांवर ती आहेत." त्यांनी पेन्सिल घेतली आणि निवेदनावर, सहीच्या जागी, तीच दोन इंग्रजी अक्षरे काढली. पहिल्या अक्षराचा मधला दांडा वाजवीपेक्षा लांब गेला. "तांत्रिक शाळेत माझे मास्तर यासाठी हातावर पट्टी मारायचे. खोड गेली नाही. आणि युटन इंग्रजीत ई-पासून लिहितात, प्राइस पी-पासून."

अल्थियाने भिंग दोन्हींवर आळीपाळीने धरले.

"मग लेबलावर टेट कसे आले?"

"मी आणले." ते सावकाश बोलू लागले. "दोन वर्षांनी टलकनी ते गाणं विकायला काढलं. युटन ऊस तोडायला फ्लोरिडात गेला होता. परत येईल असं कोणाला वाटत नव्हतं. अँब्रोज त्या गाण्यात मागे नुसता सूर धरायला उभा होता, पण तोवर त्याचं नाव झालं होतं. टलकनी विचारलं, मुख्य आवाज कोणाचा. लेबलाच्या छापखान्याची चिठ्ठी माझ्या हातात होती."

"घाईत चूक झाली, असं लिहू?"

"चूक मापात होते, नावात नाही. ती चिठ्ठी मी सुवाच्य अक्षरात लिहिली. तसंच लिही."

चार वाजता ते दोघे वस्तीतल्या आंब्याखाली, जिथे रोज डाव बसायचा, तिथे पोहोचले. डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत होत्या.

"कोऱ्या, तुझ्या पुस्तकवाल्या बाई आल्या," डावातला डडली ओरडला. "घसा खाकर."

कॉली उभ्यानेच बोलले. नाव, वर्ष, कोरलेली अक्षरे, चिठ्ठी, सगळे क्रमाने सांगितले. ऐकून डडलीने मान हलवली.

"मास्तर, म्हातारपणी मन हळवं होतं, समजू शकतो. आता पुढच्या आठवड्यात ते माझ्या नावावर करा. माझाही आवाज बरा आहे."

टेबल हसले. युटनने हातातल्या सोंगट्यांवरची नजर काढली नाही.

"फ्लोरिडाहून आलो, तेव्हा पहिल्यांदा तुझ्याकडेच आलो होतो, व्हर्नल. तू काय म्हणालास?"

"लेबल बघ म्हणालो."

"हं." त्याने दुहेरी सहाची सोंगटी हळूच ठेवली, आपटली नाही. "आणि मग इथं बसून यांच्याबरोबर हसलास."

"पुस्तकात तुझं नाव येईल, युटन. माझंही, चिठ्ठीसकट."

"आलं की इथं येऊन वाच. मोठ्यानं. डडलीला ऐकायला कमी येतं. तोवर मला कोऱ्याच म्हण. एकदम प्राइस म्हणायला लागलास, तर हे म्हणतील मी तुला पाजली."

टेबलाशी एक खोके रिकामे होते, कॉलींचे नेहमीचे. ते बसायला खोक्याकडे वळले, तेव्हा युटनने पाय लांब करून त्यावर ठेवला आणि पुढच्या गड्याला म्हणाला, "खेळ."