गंगूला सिंधी येत नव्हतं

बनू मावशी माझ्या आईची थोरली बहीण. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात ती आया होती. चादरी बदलायच्या, भांडी उचलायची, पोरांचं अंग पुसायचं, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं, हे तिचं काम. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दोन खोल्यांचं घर होतं. तिचे यजमान, म्हणजे माझे शंकरराव काका, काडेपेट्यांच्या कारखान्यात होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. चामटोलीला आम्ही पाच भावंडं, त्यात गावची शाळा चौथीपर्यंत. म्हणून १९८२ साली मावशी आली आणि आईला म्हणाली, "यशूला मी नेते. तुझी तुला परत देईन, पन मास्तरीण करून."

मी दहा वर्षांची होते. पहिल्या संध्याकाळी आईच्या आठवणीनं मला घास उतरेना. मावशीनं काही समजावलं नाही. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून तिनं एक रिकामी काडेपेटी काढली, आतला खण काढून टाकला आणि बाहेरचं टोपण तर्जनीवर बसवलं. त्यावर कोळशानं दोन डोळे, नाक, वाकडं तोंड. डोक्याला चिंधीचा पदर. मग ते बोट माझ्या ताटाजवळ येऊन चिरक्या, भांडकुदळ आवाजात म्हणालं, "काय गं, जेवत न्हाईस व्हय? बरं झालं. बोंबील मलाच ऱ्हाईल."

ही गंगू म्हातारी. मी हसले आणि जेवले.

काका कारखान्यातून बाद झालेल्या रिकाम्या पेट्या मागून आणायचे. चिंध्या मावशी आणायची उल्हासनगरच्या कॅम्पातून, म्हणजे सिंधी वस्तीतून, तहिलराम नावाच्या कापडवाल्याकडून. त्याच्या दुकानातली कातरण, जरीचे काठ, साटिनचे तुकडे, सगळं ती पिशवीत भरून आणायची. रात्रीची जेवणं झाली की काका ब्लेडनं पेट्या नीट करायचे, मावशी पदर शिवायची आणि मी डोळे काढायची. काका फार कमी बोलायचे. "ही पेटी चेपलीय," एवढंच म्हणायचे आणि बाजूला ठेवायचे.

या गंगू मावशी वॉर्डातल्या मुलांसाठी न्यायची, आणि एका वेळी इतक्या लागायच्या याला कारण होतं. वॉर्डाच्या सुहासिनी सिस्टर कडक होत्या. पहिल्यांदा गंगू बघितली तेव्हा त्यांनी मावशीला बाजूला घेतलं. "बनूबाई, मुलं हसतायत ते मला दिसतंय. पण एका मुलाची बाहुली दुसऱ्याच्या खाटेवर गेलेली मला चालणार नाही. जखमा असतात."

मावशीनं लगेच मान डोलावली. "मंग परत्येकाला येगळी करीन."

आणि तिनं तेच केलं. येईल त्या मुलाला नवी गंगू. मूल घरी जाताना गंगूही त्याच्याबरोबर घरी. इंजेक्शनची वेळ झाली की आधी गंगूला टोचायचं. गंगू इतका कांगावा करायची, डॉक्टरांना अशा शिव्या घालायची, की मूल तिला समजावायला लागायचं. त्या गडबडीत त्याचंही टोचून व्हायचं.

लाजवंती आली ते साल १९८४. मी बारा वर्षांची होते. शनिवारी शाळा लवकर सुटायची तेव्हा मी मावशीचा डबा घेऊन वॉर्डात जायची, म्हणून पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं.

लाजवंती सहा वर्षांची, सिंधी कुटुंबातली. दोन्ही पाय भाजले होते. घरी आईला तान्हं बाळ, म्हणून तिच्यासोबत आजी असायची. आजीला सिंधीखेरीज इकडचे दोन-चार शब्दच येत होते. पोर कोणाशी बोलायची नाही, गंगूकडे बघायचीसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची. फक्त झोपेत एकच शब्द पुटपुटायची: खीर.

तिसऱ्या दिवशी मावशी घरी येऊन म्हणाली, "पोरीला खीर खायची इच्छा झालीय. झोपंत पन तेच."

दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठली. शेवया तुपावर परतल्या, दूध आटवलं, वेलची कुटली. घरात आम्हाला सणालाही एवढी घट्ट खीर मिळत नसे. सिस्टरांची परवानगी काढून तिनं दुपारी खीर पुन्हा गरम करून वाटीत ओतली आणि वाफ निघत असलेली वाटी लाजवंतीसमोर धरली.

तो शनिवार होता. मी दारातच होते. लाजवंतीनं वाटीकडे पाहिलं आणि जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. ती मागे सरकत सरकत भिंतीला चिकटली. भाजलेले पाय ओढले गेले, त्याचंही तिला भान नव्हतं. आजी धावली. वाटीकडे बोट दाखवून, मग पोरीच्या पायांकडे बोट दाखवून ती म्हणत राहिली, "खीर! खीर! दूध, दूध!"

सिंधीत दुधाला खीर म्हणतात. चुलीवरचं उकळतं पातेलं त्या पोरीच्या पायांवर उलटलं होतं.

मावशी वाटी घेऊन बाहेर आली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. काकांनी दोनदा ताट पुढे केलं. शेवटी ती म्हणाली, "जेच्यानं पोर भाजली, तेच मी वाटीत घालून नेलं. वर वाफ काढत."

काका म्हणाले, "तुला काय ठावं?"

"इचारायला पायजे व्हतं. मी माझ्याच मनानं समजून घेतलं."

काकांनी ताट झाकून ठेवलं. मग म्हणाले, "मंग आता इचार."

रविवारी मावशी मला घेऊन तहिलरामच्या दुकानात गेली. तो कापडाच्या गठ्ठ्यावर पाय पसरून बसला होता. मावशीनं त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. तो हसला नाही. "बैठो, बनूबाई," म्हणाला. "क्या क्या शब्द चाहिए?"

मी वहीत लिहीत गेले. मानी म्हणजे चपाती. बिली म्हणजे मांजर. थधो म्हणजे गार. चरी म्हणजे वेडी बाई. मावशीनं विचारलं, "आनि 'हे मांजर आहे' असं कसं म्हनायचं?"

"ही बिली आहे."

"आहे?"

"हां, आहे. और नहीं है तो नाहे."

मावशीचा चेहरा एकदम उजळला. "अगं यशू, आहे म्हंजे आहेच! हे तर आपल्यातलंच झालं!" तहिलरामला याचं एवढं काय ते कळेना, पण त्यानं जरीचा एक चांगला हातभर तुकडा आपल्या हातानं कापून दिला. कातरणीतला नव्हे, ताग्यातला.

पुढच्या शनिवारी मी जरा लवकरच पोचले. लाजवंती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशी उशाशी, खाटेला लागून जमिनीवर बसली, म्हणजे फक्त गंगू दिसावी. गंगूला जरीचा पदर होता.

गंगूनं आधी उशी न्याहाळली. तिचा वास घेतला. मग आनंदानं ओरडली, "ही मानी आहे?" आणि उशीचा घास घ्यायला लागली.

आजीनं तोंडाला ओढणी लावली. लाजवंती हलली नाही.

गंगू उशी चावून चावून दमली. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. सुहासिनी सिस्टर पांढऱ्या कडक कपड्यांत, हातात ट्रे घेऊन येत होत्या. गंगू घाबरून खाटेखाली लपली आणि तिथून कुजबुजली, "ही बिली आहे?"

सिस्टर थांबल्या. त्यांना शब्द कळला होता की नाही कोण जाणे. वीस वर्षं उल्हासनगरात नोकरी केलेली बाई, कळलाच असेल. वॉर्डातली सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी ट्रे सावरला आणि त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "म्याँव."

भिंतीकडून आवाज आला. बारीक, पण चिडलेला. "बिली नाहे!"

गंगू खाटेच्या कडेवरून वर आली. "नाहे?"

लाजवंतीनं मान वळवली होती. "नाहे," ती म्हणाली. मग आजीकडे बघून, "चरी आहे." आणि तिला हसू आलं.

आजी रडायला लागली. मावशी खाटेखाली डोकं घालून बसली होती ती बराच वेळ वर आली नाही.

त्यानंतर लाजवंतीनं गंगूला सिंधी शिकवायचं काम हातात घेतलं. गंगू ढ होती. रोज शिकलेलं रोज विसरायची. मावशीला खरंच आठवत नसे, की ती मुद्दाम चुकायची, हे मी तिला पुष्कळदा विचारलं. ती म्हणायची, "गंगूला इचार." पट्टी बदलताना आधी गंगूला पट्टी. व्यायामाला आधी गंगूचे पाय, म्हणजे मावशीची दोन बोटं, पुढे मागे. मात्र दुधाचा पेला दिसला की लाजवंती अजून तोंड फिरवायची, आणि मावशीनं त्या बाबतीत गंगूला एक शब्द बोलू दिला नाही.

दीड महिन्यानं एका सकाळी लाजवंतीनं स्वतःच पेल्याला बोट लावलं. मग गंगूला ओढून पेल्यापाशी नेलं आणि आजीच्या सुरात समजावलं, "थधो आहे. थधो आहे." गंगू थरथर कापली. लाजवंतीनं तिच्या पदराचं टोक दुधात बुडवून दाखवलं, आणि मग स्वतः एक घोट घेतला.

ती घरी गेली. नंतर ती आम्हाला पुन्हा कधी भेटली नाही. आता ती मोठी झाली असेल, एवढंच म्हणायचं.

हे सगळं सांगताना माझी एक गोष्ट सांगायची राहू नये. नववीत आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मावशी म्हणाली, "मी येऊ? गंगूला आनते. लहान पोरं खूश व्हतील." वर्गातल्या दोघीतिघी मला 'आयाची भाची' म्हणायच्या. मी म्हटलं, "नको. तिथे असलं काही नसतं." मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. संमेलनाच्या दिवशी तिनं माझ्या वेणीत अबोलीचा गजरा माळला आणि स्वतः कामावर गेली. मी तिची माफी कधी मागितली नाही. पुढे नोकरी लागली, कुळगावच्या शाळेत मी खरंच मास्तरीण झाले, पहिल्या पगारातून तिला साडी घेतली. तेव्हाही तोंडात आलेलं बोलले नाही. वाटलं, कळलं असेल तिला.

१९९५च्या उन्हाळ्यात मावशीला कावीळ झाली आणि ती हटली नाही. मोठ्यांच्या वॉर्डात तिला ठेवलं होतं. सुहासिनी सिस्टर आपली ड्यूटी संपली की खाली येऊन बसायच्या. शेवटच्या आठवड्यात एक नवी नर्स सुई घेऊन आली तेव्हा मावशीनं कशीबशी तर्जनी वर केली. बोटावर ना पेटी, ना पदर. पण आवाज तोच: "ए टवळे, हळू टोच." नर्स दचकली आणि हसली. मावशीही हसली. पाचव्या दिवशी ती गेली. चोपन्न वर्षांची होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहार भरला होता. भन्तेंनी वंदना घेतली, मंडळी दोन-दोन शब्द बोलली. मी मागच्या रांगेतून उठले नाही. घरी आल्यावर मला गंगू हवीशी झाली. पत्र्याचा डबा उघडला. कातरण होती, रिकाम्या पेट्या होत्या, पण गंगू एकही नव्हती. तेरा वर्षांत शेकडो झाल्या असतील, सगळ्या घरोघर गेल्या होत्या. माझीसुद्धा मी कधी जपून ठेवली नव्हती. तेव्हा मात्र मी काकांसमोर पोटभर रडले.

काका डब्याजवळ बसले. एक पेटी उचलली, उजेडात धरली, बाजूला ठेवली. दुसरी उचलली.

काही दिवसांनी सुहासिनी सिस्टरांचा निरोप आला. मावशीच्या जागी चांगुणा नावाची नवी आया आली होती, तरुण, हौशी. तिला गंगू करायला शिकायचं होतं. "यशोधरा, तू येशील का दाखवायला?" मी गेले. काका सोबत आले, डबा उचलायला म्हणून. पेटी, पदर, डोळे, सगळं मी दाखवलं. पण आवाज मला येईना. मी शाळेतल्या बाईंसारखी बोलत होते. समोरच्या खाटेवरची हात मोडलेली मुलगी कंटाळून जांभई द्यायला लागली.

काकांनी माझ्या बोटावरची गंगू काढून घेतली. चष्मा नीट केला. आणि आमचे शंकरराव काका, ज्यांच्याकडून दिवसाकाठी दहा शब्द निघायचे नाहीत, ते त्या चिरक्या आवाजात म्हणाले, "काय गं, हात मोडून बसलीस व्हय? आता भाकऱ्या कोन थापल, तुझा बा?"

मुलीची जांभई अर्ध्यात राहिली. सुहासिनी सिस्टर खिडकीकडे वळल्या.

तेरा वर्षं रोज रात्री ते शेजारी बसून पेट्या कापत होते. ओठ हलवत नव्हते, एवढंच.

मग ते दर गुरुवारी जायला लागले. रिटायर झाले होते, वेळ होता. चांगुणाला शिकवताना ते फार कडक असत. एकदा माझी सुट्टी होती म्हणून मीही गेले, आणि परतताना कॅम्पातल्या एका गाड्यावर आम्ही दाल-पकवान घेतलं. काका कुरकुरत होते. "ती चांगुणा नाक फार मोठं काढते."

"तिची गंगू जरा वेगळी होणारच, काका."

"व्हय. पन नाक लई मोठं." त्यांनी पकवानाचा तुकडा मोडला. "बनू इथं आली की म्हनायची, तेलकट आहे, मला नको. आनि मंग माझ्या बशीतलं अर्धं खायची."

"अर्धं?"

"अर्ध्याच्या वर." ते हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मी गाडीवाल्याला हाक मारली आणि पाणी मागितलं, आणि आणखी एक बशी.