मिसकंडक्टचा ठराव

दुष्काळाचं दुसरं वर्ष. आमच्या सहकारी सोसायटीला वरच्या कचेरीतून पत्र आलं. पत्र मराठीत, मधे एकच इंग्रजी शब्द: चारा छावणीचा राखणदार शहादेव याच्या 'मिसकंडक्ट'बद्दल ठराव करून कळवा, नाहीतर जनावरांचा चारा बंद.

शहादेवनं केलं काय होतं? जनावरांच्या हौदातून गावातल्या नऊ बायांना एकेक हंडा भरू दिला होता. नोकरी गेली तर त्याला पुन्हा जोडीनं ऊसतोडीला जावं लागणार, आणि त्याच्या बायकोला, केशरबाईला, सातवा महिना.

सभा भरली. मास्तरांनी डिक्शनरी बघून सांगितलं, "गैरवर्तन. दोष देण्याजोगं वागणं."

"दोष कुणाचा पण? देणाऱ्याचा का पिणाऱ्याचा?" चेअरमन मोहनरावांनी विचारलं. त्या पाण्याचा चहा घरोघरी झाला होता.

मग आसाराम उठला. माणूस लई हुशार, तिथंच गावाचं वाटोळं. "पानी जनावराचं हाय ना? मंग त्या नऊ बायांची नोंद जनावरांत करा. मिटलं."

यावर अर्धा तास गंभीर चर्चा झाली. लहान जनावरांत धरायच्या का मोठ्या, असा मुद्दा निघाला. त्या नऊतलीच एक, दाराशी उभी भामाबाई म्हणाली, "मोठ्यात धरा. अन् पेंडबी द्या."

पण जनावरांची यादी आधीच वर गेलेली. शेवटी धोंडीरामनं ठराव मांडला: शहादेवचं वागणं मिसकंडक्ट आहे, सबब त्यास कामावरून कमी करावं.

"अनुमोदन?"

कुणीच हात वर करेना. अनुमोदक नसला की ठराव पडतो, एवढा एक कायदा आम्हाला पाठ. वाटलं, सुटला गडी.

पण शहादेव म्हणजे आमचा कायमचा अनुमोदक. दहा वर्षं, सभेत सगळे गप्प बसले की हाच हात वर करायचा. त्यानं केला. "माझं अनुमोदन."

सेक्रेटरी बद्रीनाथनं 'मंजूर' लिहूनही टाकलं.

"आरं, तुझ्यावरच हाय बे ह्यो ठराव," मी म्हणालो.

"तुमी कुणीच बोलंना. लई अवघडल्यावानी झालं."

अनुमोदन मागं घेता येतं, हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. छावणीत माझे दोन बैल होते. त्याची लाज मला अजून वाटते.

त्याला घरापर्यंत सोडायला गेलो. केशरबाई उंबऱ्यात बसली होती. "काय निघाला त्या शब्दाचा अर्थ?"

"ऊसतोडीच्या मुकादमाला निरोप धाड," शहादेव म्हणाला, "औंदाबी येतो म्हून."