शेजारची खुर्ची

निघताना आई एवढंच म्हणाली होती, की आता बाबांना तूच सांग. सांगायचं होतं ते इतकंच: परीक्षा संपली की ती आईबरोबर दुसऱ्या शहरात राहायला जाणार. आणि इकडे बाबांनी तिच्यासाठी खोली रंगवायला काढली होती.

आई-बाबा वेगळे राहायला लागल्यापासून दर रविवारी बाबा तिला संग्रहालयात आणायचे. व्हेलच्या सांगाड्याखाली त्यांचा ठरलेला विनोद व्हायचा. "बघ, डबा न खाता परत आणला की असं होतं." ती दर वेळी डोळे फिरवायची. आज फिरवले नाहीत. आत काही हललंच नाही. काचेमागच्या भुसा भरलेल्या कोल्ह्यालासुद्धा तिच्यापेक्षा जास्त काहीतरी वाटत असावं.

तिथल्या तारांगणात अंधार असतो, तोंड बघावं लागत नाही, म्हणून तिने तीच जागा पक्की केली होती. खेळ सुरू व्हायच्या आधी बाबा पाणी आणायला गेले. दिवे मालवले. थोड्या वेळाने शेजारची खुर्ची करकरली. घुमटावर शनी कड्यांसकट वर आला, आणि तिने मान न वळवता, पाठ केलेला धडा म्हणावा तसं सगळं सांगून टाकलं. आईचं, शहराचं, खोलीचं. शेवटी "रागावू नका" हेही.

शेजारची खुर्ची पुन्हा करकरली. मग एका बाईचा आवाज आला, "मी नाही रागावले, बाळा. पण मी तुझा बाबा नाही गं."

उशिरा आलेल्या कुणा काकूंना दारावरच्या माणसाने दार लावता लावता अंधारात त्या खुर्चीवर आणून बसवलं होतं. एरवी तिची हसून मुरकुंडी वळली असती. आता ती नुसतं "सॉरी काकू" म्हणाली. काकूंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "तालीम तर झाली. आता बाबांना सांग."

खेळ संपला तेव्हा बाबा बाहेर व्हेलखालीच उभे होते, हातात पाण्याची बाटली. दार लावल्यावर आत सोडलंच नाही म्हणाले. तिने सगळं पुन्हा सांगितलं. कुठेही अडली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

बाबांनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "मग रंगाचं राहू दे?"

"नको. सुट्टीत येईन ना. पिवळा द्या."

ते वर सांगाड्याकडे बघत राहिले. मग तीच म्हणाली, "डबा परत आणला असणार त्याने."

बाबांनी डोळे फिरवले. त्यांना ते नीट जमलं नाही.