ओलं फडकं

आपल्याच घराच्या दारात तिकीट काढायची वेळ अर्गिरोवर आली आणि तिला हसावं की रडावं कळेना. दाराशी टेबल टाकून बसलेली मारूसो शेजारच्याच घरातली, तिच्या डोळ्यांदेखत वाढलेली. ती चटकन उठली.

"अहो काकू, तुम्हाला कसलं तिकीट! सकाळच्या बोटीनं आलात? कळवायचं तरी!"

"कळवलं असतं तर झाडून-पुसून ठेवलं असतंस. मला आहे तसं बघायचंय."

मारूसोचा चेहरा उतरला. अर्गिरोने ते पाहिलं आणि ती तडक आत शिरली.

मूर्तिकार नवरा, स्तामातिस, गेल्यावर गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ती बेट सोडून पिरेअसला लेकीकडे राहायला गेली. घर, कामाची खोली, हत्यारं, सगळं गावाला संग्रहालयासाठी देऊन टाकलं. बदल्यात मागितलं एकच. खोलीतल्या त्या मातीच्या मस्तकावरचं फडकं रोज सकाळी ओलं करायचं. गावच्या प्रमुखाने तर छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं. त्याचं काय जात होतं म्हणायला!

ते मस्तक त्यांच्या मुलाचं, याकूमिसचं. समुद्राने त्याला नेलं ते परत दिलंच नाही. अख्ख्या बेटाच्या थडग्यांवर स्तामातिसने संगमरवराचे देवदूत बसवले, पण पोटच्या पोराचे ओठ काही त्याला जमेनात. रोज संध्याकाळी तो मस्तकाला ओलं फडकं गुंडाळायचा आणि म्हणायचा, "उद्या." कच्ची माती ओली आहे तोवरच हात चालतो. असाच एका संध्याकाळी 'उद्या' म्हणून झोपला तो उठलाच नाही. फडकं ओलं करायचं काम मग अर्गिरोने धरलं. तिचा हिशेब साधा होता. माती ओली आहे तोवर काम चालू आहे, आणि काम चालू आहे तोवर पोरगा गेलेला नाही. माणूस गेला की त्याच्या नावाने गहू शिजवून चर्चमध्ये वाटायची तिथली रीत. गावातल्या सगळ्यांच्या मेलेल्यांचे गहू तिने खाल्ले, साखर लावलेले, डाळिंबाचे दाणे घातलेले. याकूमिसच्या नावाचे मात्र कधी शिजवले नाहीत. पाद्रीबाबा विचारून विचारून थकला.

कामाच्या खोलीत अथेन्सचं एक जोडपं उभं होतं. समोर काचेची पेटी, वर दिवा, आत फडक्यात गुंडाळलेलं मस्तक. खाली पाटी होती: 'झाकलेलं मस्तक'.

"चेहराच लपवायचा! केवढं धाडस," नवरा कुजबुजला.

"कसलं धाडस?" अर्गिरो म्हणाली. "जेवायची वेळ झाली की झाकून यायचा तो."

म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तसं दोघं हसली आणि पुढे गेली.

फडकं स्तामातिसच्या जुन्या सदऱ्याचं होतं. पापडासारखं कडक झालं होतं.

"मी घालत होते हो पाणी," मागून मारूसो म्हणाली. "शपथ घेऊन सांगते. मग अथेन्सहून साहेबलोक आले. म्हणाले, ओलीनं भिंतींना बुरशी येते, पाणी बंद. मी सांगितलं त्यांना, आत कच्ची माती आहे म्हणून. तर म्हणाले, असंच छान दिसतंय."

"आणि मला कळवलं नाहीस."

"कुठल्या तोंडानं कळवू?"

दुपारी जोडपं गेल्यावर मारूसोने दाराला कडी घातली, किल्ली आणून काच उघडली आणि न सांगताच अंगणातून पाण्याचा जग भरून आणला.

"काकू, घालून बघता? होईल काहीतरी."

अर्गिरोने पिशवीतून धुतलेलं नवं फडकं काढलं. जग हातात घेतला आणि थांबली. मूर्तिकाराच्या घरात जन्म काढलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको होतं. वाळलेल्या कच्च्या मातीवर पाणी पडलं की ती मऊ होत नाही, ढासळते, तिचा चिखल होतो. आणि फडकं ओढावं तर ते चेहऱ्याला चिकटलेलं. तिने जग मारूसोकडे परत दिला आणि रोज सकाळी ठेवायची तसा तळवा मस्तकावर ठेवला. गारवा नव्हता. ओठांच्या जागी अंगठ्याखाली काहीतरी हललं आणि फडक्याच्या आत बारीक तुकडे घरंगळत गेल्याचा आवाज आला.

तिने हात काढून घेतला.

"काय झालं, काकू?"

"लाव ती काच. कोणाला उघडू देऊ नकोस."

अंगणातल्या दगडी बाकावर ती बसली आणि रडली. याकूमिस गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. मारूसो जग हातात घेऊनच तिच्या मागे आली. बऱ्याच वेळाने अर्गिरोने नव्या फडक्यानेच डोळे पुसले.

"मारूसो, तुझ्या घरात गहू आहेत का गं?"

"आहेत की. कशाला?"

"मग ते पाणी फेकू नकोस," अर्गिरो म्हणाली. "भिजत घालू. उद्या शिजवायचेत."